पास आणि पावती

गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबच्या लोकांनी मला चहाला बोलावलं. क्लब म्हणजे फार मोठं काही नव्हे. स्थानिक लीगमध्ये खेळणारा संघ, एका शाळेचं भाड्याने घेतलेलं मैदान आणि नोकऱ्या सांभाळून हा सगळा उद्योग करणारे चार-पाच मित्र. त्यांतला एक माझ्याच ऑफिसातला. मी कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल बघत वाढलेला, आणि वर दिवसभर आकड्यांशी खेळणारा. तेव्हा ह्याला विचारायलाच हवं, असा त्यांचा हिशोब. प्रश्न एकच होता : आपल्या मैदानावरच्या सामन्यांना माणसं कशी आणायची?

मी उत्साहाने कामाला लागलो. इंजिनिअरला प्रश्न दिला की तो आधी एक्सेल शीट उघडतो. मैदानापासून दोन किलोमीटरच्या आत सोसायट्या किती, शाळा किती, कुठल्या वारी कुठल्या वेळी लोक मोकळे असतात, सगळं भरलं. पोस्टर केलं, रील केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला मजकूर लिहिला. पुढच्या सामन्याचे दोनशे फुकट पास वाटले. प्रत्येक पासवर क्यूआर कोड होता, त्यामुळे नेमके किती लोक आले ते कळणार होतं. कळलं. एकोणीस. त्यांत खेळाडूंच्या घरचेच अकरा.

रात्री कोल्हापूरला तात्यांना फोन केला. तात्या म्हणजे माझे थोरले काका. माझी सगळी कहाणी ऐकून ते आधी पोटभर हसले.

"पास वाटलास? फुकट? अरे, फुकटचं कोण बघायला येतंय लेका? आणि मॅच बघायला म्हणून कोण जातंय? आपली पोरं खेळत्यात. आपण न्हाई तर कोण जाणार?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर असू शकेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

*

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण पेठेत ती त्याहून बरीच मोठी असते. गणपती तिथला, शिवजयंती तिथली, कुणाच्या घरी मयत झालं तर धावून जाणारी पोरंही तिथली. त्याच तालमीचा एक फुटबॉल संघ असतो आणि हंगाम आला की तो शाहू स्टेडियमवर खेळतो. स्टेडियम शहराच्या मधोमध, पेठांतून चालत जाण्यासारखं. दुपारी चारच्या मॅचला तीनपासून माणसं निघतात. सायकलवर, चालत, एका दुचाकीवर तिघंतिघं. मोठ्या सामन्याला गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मला पहिल्यांदा तात्यांनी नेलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. मॅच काय झाली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्याचा मुलगा मैदानात पळत होता. सकाळी आमच्या दारात किटली घेऊन उभा असलेला पोरगा संध्याकाळी हजारो माणसांसमोर खेळत होता आणि तो चुकला की तात्या त्याला नावाने शिव्या घालत होते. दुसऱ्या दिवशी तो दूध घालायला आला, तेव्हा तात्यांनी त्याला चहा दिला आणि काल कुठे चुकलं ते अर्धा तास समजावलं. तोही ऐकून घेत होता. शिव्या घालायचा हक्क होता, तसं ऐकून घ्यायचं कर्तव्यही होतं.

दहा वर्षांचा झालो तेव्हा माझ्या हातात पावतीपुस्तक आलं. संघाच्या किटसाठी पेठेत वर्गणी गोळा करायची होती. मी आणि आणखी दोन पोरं दारोदार फिरलो. अकरा रुपये, एकवीस रुपये, कुणी एकशे एक. त्या वर्षी संघ मैदानात उतरला तेव्हा मी मित्राला सांगितलं होतं, ती जर्सी आपण घेतली आहे. माझा वाटा त्यात शून्य रुपयांचा होता. फिरलो होतो फक्त. पण मला तसं वाटलं होतं खरं.

आता मागे वळून बघताना लक्षात येतं, की मला त्या स्टेडियमकडे कुणी 'आकर्षित' केलं नाही. माझ्याकडून काम करून घेतलं.

*

२०१४ मध्ये इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. हृतिक रोशन सहमालक, संघात डेव्हिड त्रेझेगे. १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला, २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल मारणारा त्रेझेगे आपल्या बालेवाडीत खेळणार! मी वसतिगृहातल्या चौघांना घेऊन गेलो.

बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यात चांगलं अंतर पडतं. पण त्याहून मोठं अंतर शहर आणि स्टेडियम यांच्यात होतं. सामना संध्याकाळी सात-आठला. ज्या पुण्यात पेठा आहेत, ते पुणे बालेवाडीपासून कितीतरी लांब. सामना संपल्यावर परत कसं जायचं, हा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा. लोक गोलकडे बघावं तसं घड्याळाकडे बघायचे.

तरीही मी जात राहिलो. नारिंगी जर्सी घेतली. पुढे मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांची जोडी आली, आशिक कुरुनियन आला. २०१७-१८ च्या हंगामात संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीतला पहिला सामना बंगळूर एफसीशी गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि आम्ही मित्र परतीच्या सामन्यासाठी रात्रीच्या बसने बंगळूरला गेलो.

११ मार्च २०१८, कांतीरवा स्टेडियम. आम्ही ३-१ असे हरलो. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. पण मी त्या रात्री सामन्यापेक्षा गॅलरी जास्त पाहिली. कांतीरवालाही धावपट्टी आहे, म्हणजे अंतराची सबब तिथेही सांगता आली असती. तरी पश्चिमेकडच्या गॅलरीत, जिथे 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हा त्यांच्या समर्थकांचा गट उभा असतो, तिथे नव्वद मिनिटं कुणी बसलं नाही. सामना संपल्यावर खेळाडू त्या गॅलरीसमोर येऊन उभे राहिले आणि दोन्हीकडून एका तालात टाळ्या सुरू झाल्या.

बाहेर चहाच्या गाडीवर त्यांच्यातलाच एक जण भेटला. आमच्या नारिंगी जर्सी बघून त्याने बिस्किटं पुढे केली. मी विचारलं, इतके लोक कसे जमवता? तो म्हणाला, जमवत नाही, काम वाटून देतो. कुणी झेंडे शिवतं, कुणी ढोल आणतं, कुणी नव्या माणसाला गाणी शिकवतं. तुझ्याकडे ढोल असेल तर तुला यावंच लागतं.

बंगळूर एफसीची स्थापना २०१३ ची. म्हणजे मी तिथे उभा होतो तेव्हा क्लब पाच वर्षांचाही नव्हता. तोवर माझी ठाम समजूत होती, की कोल्हापूरसारखं काही व्हायला पिढ्या जाव्या लागतात, पेठ लागते, आजोबा-पणजोबा लागतात. ती समजूत त्या चहाच्या गाडीवर गळून पडली. आपलेपणाला वेळ लागतो हे खरंच. पण ते वाटता येतं, शिवता येतं, कुणाच्या तरी हातात ढोलासारखं देता येतं. बालेवाडीत मी चार वर्षं गेलो आणि चार वर्षं पाहुणाच राहिलो. कुणी मला काम सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मीही कधी विचारलं नव्हतं.

*

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद पडला. मी पुण्यात अडकून फोनवर. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या आत्याच्या घरात पाणी शिरलं होतं. तिला आणि तिच्या सासूबाईंना बाहेर काढलं ते तालमीच्या पोरांनी. ती तालीम आमची नव्हती. जिच्या संघाला मी गॅलरीतून मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, ती होती. आत्या सांगत होती, एका पोराने आजीला पाठीवर घेतलं. दुसरा मागून त्यांचं औषधांचं डबडं डोक्यावर धरून चालत होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस बातमी आली, की एफसी पुणे सिटी संपला. संघाची लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि तिथे हैदराबाद एफसी हा नवा क्लब उभा राहिला. पुण्याला हे नवीन नव्हतं. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी आय-लीगमध्ये एकदा तिसरा आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला होता. तोही गेला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर बाहेर पडला. बारा वर्षांत देशपातळीवरचे चार क्लब आले आणि गेले.

बातमी वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही. 'अरेरे' म्हटलं आणि पुन्हा आत्याला फोन लावला. नारिंगी जर्सी पुढच्या दिवाळीत खोलीला रंग देताना अंगात घातली आणि मग फेकून दिली. पुढे मार्च २०२२ मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली. त्या संघात अनिकेत जाधव होता, आमच्या कोल्हापूरचा, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. तेव्हा मात्र मी नाचलो. आपला पोरगा जिंकला म्हणून. क्लबचं काय, तो कुठलाही असता तरी चाललं असतं.

पाच वर्षं ज्या संघाच्या नावाने ओरडलो त्याच्या जाण्याने डोळ्यांत टिपूस येऊ नये, याची मला नंतर बरीच लाज वाटली. दोष माझा की क्लबचा, हे ठरवायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. एवढंच कळलं, की पुरात आजीला पाठीवर घेणारं कुणी त्या नावामागे मला दिसत नव्हतं. आणि ज्याच्यामागे माणूस दिसत नाही, त्याच्यासाठी रविवारची दुपार मोडणं फार दिवस जमत नाही.

*

इथे हा लेख संपवता आला असता. कोल्हापूर थोर, पुणे कोरडं, असं म्हणून मोकळं झालो असतो. पण माझ्या धाकट्या बहिणीने ते होऊ दिलं नाही.

ती आता पुण्यातच नोकरी करते. क्लबची एकोणीस माणसांची गोष्ट तिला सांगताना मी शाहू स्टेडियमच्या गर्दीचं वर्णन करत होतो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे आपली टीम, आपली टीम करता. त्या 'आपल्या'त मी कधी होते?"

आमचं घर स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. मी शंभर तरी सामने पाहिले असतील. तिने एकही नाही. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, तसं कुणी चल असंही म्हटलं नव्हतं. पेठापेठांतली ईर्षा ही कोल्हापूरच्या फुटबॉलची जान आहे. तीच हाताबाहेर गेली की बाटल्या आणि दगड उडतात, पोलिसांना काठी उगारावी लागते, सामने थांबतात. शिव्यांचं तर विचारूच नका. तात्या मला खांद्यावर बसवून घेऊन गेले. तिला न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणजे ज्या भरलेल्या गॅलरीचा मला अभिमान, ती अर्ध्या पेठेला बाहेर ठेवून भरलेली होती. आपलेपणाला कुंपण असतं, आणि आत उभ्या असलेल्याला ते दिसत नाही.

पुढच्या रविवारी ती आमच्या छोट्या क्लबचा सामना बघायला आली. दहा मिनिटांत तिने विचारलं, "इथं बाथरूम कुठंय?"

नव्हतं. म्हणजे शाळेच्या इमारतीत होतं, पण रविवारी इमारतीला कुलूप. माझ्या एक्सेल शीटमध्ये सतरा रकाने होते. हा नव्हता.

*

क्लबची बैठक झाली. एकाने सुचवलं, आपण छेत्रीसारखा व्हिडिओ करू. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या स्टेडियमवर भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवलं, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीने हॅट्ट्रिक मारूनही गॅलऱ्या ओस. मग त्याने हात जोडून एक व्हिडिओ टाकला : आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना, त्याचा शंभरावा, भर पावसात खचाखच भरला. हे सगळं खरं आहे. पण छेत्री एक आहे, आणि त्यालाही तसं रोज म्हणता येणार नाही. आर्जवाने एक आठवडा भरतो, हंगाम भरत नाही. हंगाम सवयीने भरतो.

मग आम्ही साधी कामं केली. सामन्याची वेळ दर वेळी बदलायची, ती रविवार दुपार चार अशी पक्की केली, म्हणजे कुणाला विचारावं लागू नये. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून इमारतीचं कुलूप उघडून घेतलं आणि साफसफाईचे पैसे क्लबने द्यायचे ठरवलं. शाळेतल्या मुलामुलींना बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचं काम दिलं. एका पोराबरोबर आई येते, एका पोरीबरोबर आई-बाबा दोघं. आठवड्यातून एकदा खेळाडूंनी त्याच मुलांचा सराव घ्यायचा. शेजारच्या वस्तीतल्या मावशींना चहा आणि वड्याची गाडी आत लावायला सांगितली.

आणि फुकट पास बंद केले. त्याऐवजी पावतीपुस्तक छापलं. हंगामाची वर्गणी शंभर रुपये. मित्र घाबरले. फुकट येत नाहीत ते पैसे देऊन येतील? पण मला तात्यांचं हसणं आठवत होतं. फुकट पास घेणारा पाहुणा असतो. आला तर आला. त्याला खेळ आवडला नाही तर तो काही न बोलता निघून जातो. पावती फाडणारा मात्र हिशोब विचारतो. गणपतीच्या मांडवात बघा, एक्कावन्न रुपये देणारा गृहस्थही डेकोरेशनला नावं ठेवतो. ती नावं ठेवण्याची सोय त्याने विकत घेतलेली असते, आणि ती वसूल करायला त्याला मांडवात यावंच लागतं.

पहिल्या महिन्यात एकतीस पावत्या गेल्या. पावतीपुस्तक घेऊन सोसायट्यांतून फिरली ती माझी बहीण, चेंडू आणून देणाऱ्या दोन पोरींना बरोबर घेऊन. तिला फुटबॉलमधला ऑफसाइड अजून नीट कळत नाही. पण कुणी पैसे दिले आणि कुणी नुसतं 'बघू' म्हटलं, ते तिला तोंडपाठ आहे.

हे यश वगैरे नाही. पाऊस आला की अजूनही मैदानावर खेळाडूच जास्त असतात. शाळेने उद्या भाडं वाढवलं तर क्लबला दुसरीकडे जावं लागेल आणि हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल. चार क्लब गेलेल्या शहरात पाचवाही जाऊ शकतो, हे मी विसरलेलो नाही. यावेळी गेला तर मात्र मला वाईट वाटेल, एवढं आत्ताच सांगू शकतो.

गेल्या महिन्यात समोरच्या सोसायटीतले एक आजोबा मध्यंतरात तावातावाने आमच्या टेबलापाशी आले. डावीकडून खेळणारा तो काळासावळा मुलगा आज बाहेर का बसवला? तो चांगला खेळतो. तुम्हाला काही कळतं की नाही? त्यांनी खिशातून घडी केलेली पावती काढून टेबलावर आपटली. प्रशिक्षकाने त्यांना त्या मुलाचा घोटा सुजलाय हे नीट समजावून सांगितलं. आजोबा त्या मुलापाशी गेले, घोटा बघितला, आणि बर्फ कसा लावायचा यावर त्याला पाच मिनिटं सुनावलं. मुलगा ऐकून घेत होता.

रात्री तात्यांना फोन केला.

"किती आली माणसं?"

"बावन्न."

"शिव्या कुणी घातल्या का?"

"एका आजोबांनी घातल्या."

"मग झालं की," तात्या म्हणाले. "आता त्यांना इचारून बघ, पावतीपुस्तक घेऊन फिरणार का म्हणून."